क्रेडिट कार्डाच्या बिलात न सांगितलेलं शुल्क आलं? तक्रार कुठे अडते ते आधी पाहा

बिलात अचानक वार्षिक शुल्क, विम्याचा हप्ता किंवा विलंब शुल्क दिसलं की बहुतेक जण कस्टमर केअरला फोन करतात. ‘नोंद घेतली आहे’ हे ऐकून समाधानाने फोन ठेवतात. महिन्याभराने रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी) जातात, आणि तिथे तक्रार नाकारली जाते, कारण आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसतो. म्हणून फोन केलात तरी त्याच दिवशी ईमेल करा किंवा अ‍ॅपमधून तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

लिहिण्याआधी शुल्क खरोखर चुकीचं आहे का, ते बघा. एटीएममधून कार्डावर रोख काढली असेल तर शुल्क आणि पहिल्या दिवसापासूनचं व्याज लागणारच, तिथे भांडू नका. ‘अमुक खर्च केला की वार्षिक शुल्क माफ’ यातलं वर्ष बहुधा कार्ड मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात, जानेवारी किंवा एप्रिलपासून नाही. शिवाय पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे हा खर्च अनेक बँका त्यात धरत नाहीत.

तुमची बाजू भक्कम कुठे असते? रिझर्व्ह बँकेने 2022 साली नियम घालून दिले आहेत. शुल्क वाढवायचं तर किमान एक महिना आधी कळवावं लागतं. देय तारखेनंतर तीन दिवसांपर्यंत विलंब शुल्क लावता येत नाही. म्हणजे मुदत 10 तारखेची होती आणि तुम्ही 13 ला भरलंत, तर ते लागायला नको. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय कार्ड दिलं किंवा वरच्या श्रेणीत नेलं आणि त्याचं बिल लावलं, तर ते शुल्क रद्द करून वर त्याच्या दुप्पट दंड बँकेने तुम्हाला द्यायचा असतो. हे वाक्य तक्रारीत जरूर लिहा.

सगळ्यात अडतं ते ‘लाइफटाइम फ्री’ कार्डाचं. मॉलमधल्या एजंटने तोंडी सांगितलेलं असतं, कागद कोणाकडेच नसतो. कार्डासोबत आलेलं पत्र, मुख्य अटींचं पत्रक, एजंटचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज शोधा. काहीच सापडलं नाही, तर उलट बँकेकडे तुमच्या संमतीचा पुरावा मागा. बिलावर आक्षेप घेतला की 30 दिवसांच्या आत स्पष्टीकरण, आणि लागू असेल तिथे कागदोपत्री पुरावा, देणं बँकेवर बंधनकारक आहे. तो मागितल्याशिवाय बँका सहसा देत नाहीत, हे मात्र संतापजनक आहे.

वाद चालू आहे म्हणून बिलच न भरणं ही चूक फार महागात पडते. 590 रुपयांसाठी (500 शुल्क, 18 टक्के जीएसटी) अडून बसलात तर सगळ्या खरेदीवर व्याज चढतं आणि सिबिल (कर्ज मिळण्यासाठी पाहिला जाणारा पतगुण) बिघडण्याची भीती राहते. शक्य असेल तर पूर्ण बिल भरा आणि ‘आक्षेप कायम ठेवून भरत आहे’ असं ईमेलमध्ये लिहा. परतावा मागताना जीएसटीही मागा.

बँकेने तक्रार फेटाळली, उत्तर पटलं नाही किंवा 30 दिवसांत उत्तरच आलं नाही, तर लोकपाल. उत्तराआधीच पंधराव्या दिवशी अर्ज केलात तर तो परत येतो. अर्ज रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर, विनाशुल्क. अडचण आली तर रिझर्व्ह बँकेच्या 14448 या क्रमांकावर मराठीतही विचारता येतं. सोबत बिल, बँकेला केलेली तक्रार आणि उत्तर आलं असेल तर ते जोडा. वकिलामार्फत अर्ज चालत नाही. आईवडिलांच्या कार्डासाठी मुलं करत असतील तर अधिकारपत्र लागतं. तोच वाद ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल तो घेत नाही.

कार्डच नको असेल तर थकबाकी भरून बंद करण्याची विनंती लेखी द्या. सात कामकाजी दिवसांत बंद झालं नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 500 रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे असतात. तेही मागा.