गोठीत रेतमात्रा आणि भ्रूणसंवर्धन (सातारा-सांगली)

वळूचे वीर्य संरक्षक द्रवात मिसळून उणे १९६ अंश सेल्सिअसला द्रवरूप नायट्रोजनात साठवणे आणि गाई-म्हशीच्या बीजांडापासून भ्रूण प्रयोगशाळेत सात दिवस वाढवणे, ही पशुपैदाशीतील एकमेकांना धरून चालणारी दोन तंत्रे आहेत. पहिले गावोगावी रुळले आहे. कांडी म्हणजे गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी. ‘गाईला कांडी भरली’ असे कोणी म्हणाले, की त्यामागची सगळी प्रक्रिया ऐकणाऱ्याला समजते. दुसरे तंत्र अजून मोजक्या गोठ्यांपुरते आहे.

वीर्य गोठते कसे

पेशी गोठताना दोन गोष्टी तिच्या जिवावर उठतात. एक म्हणजे आत तयार होणारे बर्फाचे स्फटिक. दुसरी म्हणजे पाणी गोठत जाईल तसा उरलेल्या द्रवात वाढत जाणारा क्षारांचा जोर. त्यावरचा उपाय म्हणजे ग्लिसरॉल. इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी १९४९ साली त्याचा गुण दाखवून दिला आणि १९५१ मध्ये गोठवलेल्या वीर्यापासून पहिले वासरू जन्मले. भारतात कृत्रिम रेतनाची सुरुवात त्याआधीच, १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या डेअरी फार्मवर झाली होती, पण ते ताज्या वीर्याचे रेतन होते.

वळूकडून कृत्रिम योनीत घेतलेले वीर्य साधारण ४ ते ८ मिली भरते आणि दर मिलीत सुमारे १०० कोटी शुक्राणू असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची हालचाल तपासून ते अंड्याचा बलक, ग्लिसरॉल आणि प्रतिजैविके असलेल्या द्रवात मिसळतात. बलकामुळे थंडीच्या धक्क्यापासून पेशीचे आवरण वाचते. मग पाव मिलीच्या कांड्या भरून काही तास ४-५ अंशांवर ठेवतात, नायट्रोजनच्या वाफेत गोठवतात आणि शेवटी नायट्रोजनात बुडवतात. भारतातील मानकाप्रमाणे एका कांडीत २ कोटी शुक्राणू भरतात आणि वितळल्यावर त्यांतील निदान निम्मे चालते असावे लागतात. एका वेळच्या वीर्यातून दोन-चारशे कांड्या निघतात. कांडीवर वळूचा क्रमांक, जात, रेत केंद्राची खूण आणि तारीख छापलेली असते. पशुपालकाने ही छपाई वाचून क्रमांक वहीत उतरवून घ्यावा. तीन वर्षांनी त्या कालवडीला पुन्हा बापाचेच रेत पडू नये, यासाठी एवढी एकच खबरदारी पुरते आणि नेमकी तीच राहून जाते.

म्हशीचे शुक्राणू गोठणे तितकेसे सोसत नाहीत. त्यातच म्हशीचा मुका माज उन्हाळ्यात ओळखू येत नाही, त्यामुळे कांडी उत्तम असूनही वेळ चुकते. मेंढीची अडचण वेगळी आहे. तिचे गर्भाशयमुख इतके वळणावळणाचे असते, की गोठीत वीर्य दुर्बिणीच्या साहाय्याने पोटातून थेट गर्भाशयात सोडावे लागते. शेळीत मात्र ते योनीमार्गानेच जमते.

शेवटचे अर्धे मिनिट

हे तंत्र प्रयोगशाळेत क्वचितच फसते. ते फसते गोठ्याच्या दारात. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरडवाहू तालुक्यांत गावे लांब लांब आहेत. दुचाकीला बांधलेला लहान नायट्रोजनचा डबा घेऊन फिरणारा पशुधन पर्यवेक्षक किंवा खासगी सेवादाता म्हणजे या साखळीचे शेवटचे टोक. डबा उघडला नाही तरी नायट्रोजन रोज थोडा उडतच असतो. पातळी मोजायला आत पट्टी बुडवून बाहेर काढून हलवतात. जिथपर्यंत दव गोठून पांढरे होते, तिथपर्यंत नायट्रोजन आहे असे समजायचे. पट्टी बोटभरच पांढरी झाली, तर आतल्या कांड्यांचा भरवसा धरू नये.

कांडी काढताना आतली कांड्यांची डबी डब्याच्या मानेच्या वर येऊ द्यायची नाही. चिमटा आत घालून पाच-सात सेकंदांत कांडी उचलायची आणि थेट ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद धरायची. पुसून कोरडी करायची, कारण पाण्याचा थेंबही शुक्राणूंना मारतो. टोक कापून रेतनाच्या गनमध्ये बसवायची आणि गर्भाशयमुख ओलांडताच रेत सोडायचे. एवढे सोपे काम, पण कांडी काखेत धरून, खिशात ठेवून किंवा नळाच्या पाण्यात बुडवून ‘वितळवण्याची’ सवय अजून सुटलेली नाही. अशा वेळी गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की दोष गाईला दिला जातो. पिशवीत साधा थर्मामीटर असलेला रेतनकर्ता मिळणे, ही पशुपालकासाठी मोठी सोय आहे.

वेळेचा ठोकताळा जुनाच आहे. सकाळी माजावर आलेली गाय संध्याकाळी भरवावी, संध्याकाळी आलेली दुसऱ्या सकाळी. स्वच्छ, काचेसारखी सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) लोंबत असेल तर चालेल. ती गढूळ किंवा पूमिश्रित असेल, तर आधी उपचार करायचा. कांडी नंतर.

भ्रूण

गाय एका वेळी सहसा एकच बीजांड सोडते. भरपूर दुधाच्या गाईची वासरे वाढवायची, तर ही मर्यादा ओलांडावी लागते. जुन्या पद्धतीत दाता गाईला सुमारे चार दिवस एफएसएच संप्रेरकाची सुई देऊन अनेक बीजांडे पिकवतात, रेतन करतात आणि सातव्या दिवशी गर्भाशय धुऊन भ्रूण गोळा करतात. नव्या पद्धतीत अल्ट्रासाउंड पाहत बारीक सुईने बीजाशयातून कच्ची बीजांडे ओढून घेतात. ती सुमारे २४ तास ३८.५ अंश उष्णतेत, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या हवेत पिकतात, मग ती फलनाच्या वेगळ्या द्रवात घेऊन त्यात वितळवलेले शुक्राणू सोडतात. पुढचे सात दिवस भ्रूण नेमक्या मिश्रणाच्या थेंबात, तेलाच्या थराखाली वाढतो. तीनांतला साधारण एकच त्या टप्प्यापर्यंत पोहोचतो. त्याचा व्यास पाव मिलिमीटरहूनही कमी असतो. भांड्यात नुसत्या डोळ्यांनी तो धुळीच्या कणाइतका जेमतेम दिसतो.

मिश्रणात रक्तद्रव जास्त वापरला, तर पुढे अवाजवी मोठी वासरे होऊन गाय विताना अडचण येते, हा अनुभव जगभर आला. म्हणून आजचे मिश्रण बीजवाहिनीतील द्रवाच्या नकलेवर बेतलेले असते. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत १९९० मध्ये जन्मलेले ‘प्रथम’ हे अशा प्रकारे झालेले जगातील पहिले रेडकू.

ज्या गाईत भ्रूण ठेवायचा, ती सुमारे सात दिवसांपूर्वी माजावर येऊन गेलेली असावी लागते आणि बीजाशयावर ज्या बाजूला पीतपिंड (बीजांड सुटल्यावर तिथे तयार होणारी गाठ) आहे, गर्भाशयाच्या त्याच बाजूच्या शिंगात तो सोडतात. उन्हाळ्यात या तंत्राचा एक फायदा मिळतो. कडक उन्हाने बीजांड आणि पहिल्या काही दिवसांचा गर्भच सर्वांत जास्त पोळतो. सात दिवसांचा भ्रूण ठेवल्याने तो नाजूक काळ गाईच्या तापलेल्या पोटाबाहेरच सरतो. माणदेशातल्या वैशाखात याचे मोल मोठे आहे.

या भागातील काम

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बोअर शेळीचा कळप गोठवलेल्या भ्रूणांतून उभा केला. जिवंत जनावराऐवजी कांडीतून जात आणल्याने परदेशातले रोग सोबत येण्याचा धोका कमी झाला. याच संस्थेने सुंदरबनच्या गारोळ मेंढीतील जुळी देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. सांगली जिल्ह्यात भिलवडीला १९३९ पासून काम करणाऱ्या चितळे डेअरीने परदेशी भागीदारीत वळू केंद्र आणि लिंगवर्गीकृत रेतमात्रांचे काम उभारले. मादी वासराला जन्म देणाऱ्या शुक्राणूत नरापेक्षा सुमारे ४ टक्के जास्त डीएनए असतो. त्या फरकावरून यंत्र शुक्राणू वेगळे करते आणि दहांत साधारण नऊ कालवडी मिळतात. शिरवळला १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

या सगळ्यात खिलार या इथल्या देशी गोवंशाचा विचार मागे पडला. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) आणि जर्सी या परदेशी जातींच्या कांड्यांनी दूध वाढवले आणि घरातला पैसाही वाढवला, हे खरेच. पण आटपाडी महाल आणि म्हसवड या खिलारच्या ओळी माणदेशाच्या मातीत घडल्या आहेत, त्या दुसरीकडे विकत मिळत नाहीत. खरसुंडी आणि पुसेगावच्या यात्रांत खिलार पारखणारी माणसे वळूची मान, शिंगे, खूर आणि चाल डोळ्याने पाहतात. कांडीवरचा क्रमांक त्यांना यातले काहीच सांगत नाही. त्यांचा हा अविश्वास रास्त आहे. रेत केंद्राने वळूचे छायाचित्र, आई-बापाची नोंद आणि मुलांची कामगिरी दिली, तर तो दूर होईल. शर्यतींमुळे खिलारमध्ये खोंड हवे असतात, त्यासाठी हेच वर्गीकरणाचे यंत्र उलट्या बाजूनेही वापरता येते.

लम्पीच्या २०२२ च्या साथीत गोठेच्या गोठे आजारी पडले. लम्पीचा विषाणू वीर्यातूनही बाहेर पडतो, म्हणून आजारी वळूचे रेत साठवू नये. त्याआधी २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यात कृष्णाकाठच्या गावांतली जनावरे बुडाली. चांगल्या खिलार वळूच्या कांड्या निदान दोन गावी असाव्यात: काही नदीपासून दूर, वर माणदेशात, आणि काही कर्नालच्या राष्ट्रीय जनुक कोषात. नायट्रोजन वेळेवर भरत राहिला, तर त्या कांड्या वळूच्या मागे कित्येक दशके टिकतात.