ड्रायरच्या व्हेंटमध्ये साठणारी लव आणि आगीचा धोका : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

पूर्वी तासाभरात वाळणाऱ्या कपड्यांसाठी आता ड्रायर दोनदा लावावा लागतो, तेव्हा यंत्र बिघडले असावे, अशी तक्रार आमच्याकडे नेहमी येते. आम्ही जाऊन पाहतो तेव्हा पुष्कळदा यंत्र ठणठणीत असते आणि तुंबलेला असतो तो त्याच्या पाठीमागून निघून भिंतीतून बाहेर जाणारा पाइप, म्हणजेच व्हेंट. कपडे उशिरा वाळतात एवढ्यावर बरेच जण महिनोन्महिने निभावून नेतात. पण आग लागण्यापूर्वी घरातल्यांना मिळणारी पहिली सूचना बहुधा हीच असते, आणि ती ओळखता यावी एवढ्यासाठी हे पत्रक काढले आहे.

व्हेंट तुंबतो कसा

ड्रायरचा पंखा खोलीतली हवा आत ओढतो, ती हीटरवर किंवा गॅसच्या ज्योतीवर तापून फिरत्या ड्रममध्ये येते, ओल्या कपड्यांतले पाणी वाफेच्या रूपाने उचलते आणि जाळीतून गाळली जाऊन व्हेंटवाटे घराबाहेर पडते. पाच किलो कपडे यंत्रात पिळून निघाले तरी त्यांत दोन-तीन लिटर पाणी उरलेले असते, आणि ते सगळे या एकाच वाटेने बाहेर जायचे असते. त्याच हवेबरोबर कपड्यांची झीजही निघते. तंतूंची ही बारीक लव म्हणजेच लिंट. दाराजवळची जाळी तिच्यातला बराच भाग अडवते, पण सगळी लव अडवणे तिला शक्य नसते. सुटलेली लव पुढे जाते आणि पाइप जिथे वळतो, चेपतो किंवा थंड भिंतीतून जातो तिथे वाफेचे पाणी झाल्यामुळे भिजून आतल्या बाजूला चिकटून बसते. एकदा थर धरला की त्यावर पुढची लव अडकायला वेळ लागत नाही.

एका घरातून काढलेला पाइपाचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, आम्ही ग्राहकांना दाखवण्यासाठी जपून ठेवला आहे. पाइप चार इंची, पण आतली मोकळी वाट करंगळी जेमतेम शिरेल एवढीच उरली होती. बाकीची जागा घोंगडीसारख्या दाट राखाडी थराने भरलेली होती, आणि तो थर कापला तेव्हा त्यात टॉवेलांचा निळा, चादरींचा पांढरा असे पदर वेगवेगळे दिसले. जोड पक्का करण्यासाठी कोणीतरी मारलेल्या स्क्रूचे टोक आत आले होते आणि त्याला दाढीसारखी लव लोंबत होती. त्या घरात जाळी मात्र प्रत्येक वेळी न चुकता साफ केली जात होती.

आग कशी लागते

सुती कपड्याची लव म्हणजे मुख्यतः सेल्युलोज. तेच सुती कापड घडी करून ठेवले तर सावकाश पेटते, पण लवेचे तंतू सुटे आणि अतिशय बारीक असून त्यांच्याभोवती चहूकडे हवा असल्यामुळे ती पाहता पाहता भडकते. व्हेंट तुंबला की हवेचा प्रवाह मंदावतो, हीटरची उष्णता वाहून नेली जात नाही आणि आतले तापमान चढत जाते. ड्रमच्या कडेच्या फटींतून निसटलेली लव यंत्राच्या पोटातही साठत असते. तिचा एखादा पुंजका तापलेल्या हीटरपर्यंत पोहोचला तर तो पेटतो, आणि पंखा ती ठिणगी थेट व्हेंटमध्ये साठलेल्या लवेत नेऊन टाकू शकतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अंदाजानुसार 2008 ते 2010 या काळात तिथल्या घरांत ड्रायरमुळे दरवर्षी सुमारे 2,900 आगी लागल्या, आणि त्यांच्या कारणांत सफाई न करणे हे 34 टक्क्यांसह सर्वांत वर होते.

तापमान हाताबाहेर जाऊ नये म्हणून यंत्रात थर्मोस्टॅट आणि थर्मल फ्यूज असतात. फ्यूज उडाला की नवा बसवून यंत्र लगेच सुरू करून द्यावे, अशी घाई ग्राहकालाही असते आणि कारागिरालाही. परंतु आतली उष्णता प्रमाणाबाहेर गेल्याचे तो फ्यूज सांगत असतो, म्हणून व्हेंट तपासल्याशिवाय तो बदलू नये, आणि तो वगळून थेट तार जोडणे तर कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नये.

घरी काय करावे

जाळी प्रत्येक वेळी कपडे काढल्यावर साफ करावी. कपडे मऊ करणारे कागद ड्रायरमध्ये टाकण्याची सवय असेल तर जाळीवर त्यांचा न दिसणारा थर बसतो. जाळी नळाखाली धरून पाहावी. पाणी आरपार न जाता वर थांबले, तर कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रशने ती धुऊन, पूर्ण वाळवूनच परत बसवावी. जाळीच्या खोबणीत पडलेली लव व्हॅक्युम क्लीनरने ओढून घ्यावी.

पूर्ण व्हेंट वर्षातून किमान एकदा साफ व्हावा. घरात माणसे जास्त असतील, केसाळ प्राणी असतील किंवा पाइप लांब असेल तर त्याहून लवकर. मधल्या काळात यंत्र चालू असताना बाहेर जाऊन व्हेंटच्या तोंडाशी हात धरून पाहावा. झडप नीट उघडली असेल आणि हवा जोराने येत असेल तर वाट मोकळी आहे. झडप अर्धवट उघडते, कपडे हाताला नेहमीपेक्षा जास्त गरम लागतात, यंत्राच्या खोलीत दमटपणा जाणवतो किंवा जळका वास येतो, यांपैकी काहीही आढळले तर ड्रायर बंद ठेवून आम्हाला कळवावे.

आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पाइपाची, कारण तो एकदा बसवला की कोणी त्याच्याकडे पाहत नाही. प्लॅस्टिकचा पाइप आपल्याकडे असेल तर सफाईची वाट न पाहता तो बदलून घ्यावा, कारण तो स्वतःच पेटतो. पातळ फॉइलचा घड्यांचा पाइप प्रत्येक घडीत लव धरतो आणि यंत्र भिंतीकडे सरकवले की चेपतो. आतून गुळगुळीत, ताठ धातूचा चार इंची पाइप सर्वांत चांगला. त्याचे जोड स्क्रूने न करता धातूच्या फॉइल टेपने करावेत. कापडी टेप उष्णतेने सुटते. पाइप जितका आखूड आणि सरळ तितका बरा. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत यासाठी 35 फुटांची सर्वसाधारण मर्यादा असून प्रत्येक काटकोनी एल्बोमागे साधारण पाच फूट वजा धरतात, यावरून एक वळण किती अडथळा करते याची कल्पना यावी. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत दिलेली मर्यादा मात्र प्रथम पाळावी. बाहेरच्या तोंडाला पक्षी शिरू नयेत म्हणून बारीक जाळी लावू नये, कारण तिच्यावर काही दिवसांतच लवेचा पडदा तयार होतो. व्हेंट माळ्यावर किंवा फॉल्स सीलिंगच्या पोकळीत सोडणे तर फारच धोक्याचे आहे.

गॅसच्या ड्रायरचा व्हेंट तुंबला तर कार्बन मोनॉक्साइड घरात पसरू शकतो. त्या वायूला रंग नाही आणि वासही नाही. कंडेन्सर किंवा हीट पंपाच्या यंत्रांत वाफेचे पाणी आतच जमा होते, म्हणून त्यांना बाहेर जाणारा पाइप नसतो, तरी त्यांच्या जाळ्या पुस्तिकेप्रमाणे साफ कराव्या लागतातच.

एक गोष्ट व्हेंटबाहेरची, पण सांगणे भाग आहे. जवसाचे, स्वयंपाकाचे किंवा मालिशचे तेल लागलेली फडकी आणि टॉवेल ड्रायरमध्ये घालू नयेत. धुऊनही त्यांत थोडे तेल राहते, ते हवेशी संयोग पावताना उष्णता सोडते, आणि गरम कपड्यांचा ढीग तसाच पडून राहिला तर ती आत कोंडून ढीग आपोआप पेटू शकतो. म्हणून शेवटची थंड हवेची फेरी मध्येच तोडू नये. रबर किंवा फोम असलेल्या वस्तूही यंत्रात वाळवू नयेत. रात्री झोपताना किंवा घराबाहेर जाताना ड्रायर चालू ठेवू नये.

यंत्रातून धूर येताना दिसला तर दार उघडू नये, कारण आत हवा गेली की आग भडकते. सहज हात पोहोचत असेल तरच मेन स्विच बंद करावा, सर्वांना बाहेर काढावे, खोलीचे दार लोटून घ्यावे आणि अग्निशमन दलाला फोन करावा.

आमच्याकडून सफाई करून घ्याल तेव्हा ड्रायर मागे सरकवून दोन्ही टोकांकडून ब्रश फिरवण्यास सांगावे, निघालेली लव पाहावी, आणि यंत्र पुन्हा जागेवर ठेवल्यावर पाइप चेपलेला नाही ना, याची खात्री करावी. त्यानंतर ड्रायर चालू करून बाहेरची झडप पूर्ण उघडलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आमच्या माणसाला काम संपल्याची सही देऊ नये.