पाण्यात, पण निपाणीत: एकसारखे ऐकू येणारे दोन 'या'

आमच्या खालच्या मजल्यावर चिकोडीकडचं एक कन्नड कुटुंब राहतं. त्यांची दुसरीतली मुलगी माझ्याशी हट्टानं मराठीच बोलते. परवा म्हणाली, "आंटी, माझी अज्जी निपाण्यात राहते." मी सवयीनं "निपाणीत" म्हटलं. ती थांबली. "मग पाण्यात कशाला म्हणता? पाणीत म्हणा की!"

आता आली का पंचाईत! बेळगावात जन्म गेला, पण हे कधी मनात आलं नव्हतं.

तिचा 'या' कुठून आला ते आधी बघू. पुस्तकी कन्नडात 'घरात'ला 'मनेयल्लि' म्हणतात, पण आपल्या भागात कुणी तसं बोलत नाही. इथं मन्याग, साल्याग (शाळेत), निपाण्याग. 'आत' या अर्थाचा 'आग' लागला की आधीच्या इ-एचा य होतो, कारण इवरून थेट आवर जाताना जीभ यवरून घसरतेच. अति अधिक आचार, अत्याचार; शाळेत घोकलेला यण संधी तो हाच. शब्दाच्या शेवटी उ असला तर तो गळतो, म्हणून ऊरु (गाव) आणि नीरु (पाणी) यांचं ऊराग, नीराग. यात निपाणी स्त्रीलिंगी की नपुंसकलिंगी, गावाचं नाव की भांड्याचं, याची चौकशी कोणी करत नाही. शेवटी कोणता स्वर आणि पुढं काय, एवढंच पुरतं. हा ध्वनिविचार.

मराठीतल्या 'पाण्यात'चं तसं नाही. 'त' हे व्यंजन आहे. ईपुढं त म्हणायला जिभेला काही अडचण नाही. नदीत, सांगलीत, गाडीत आपण म्हणतोच. म्हणजे पाण्यातला 'या' जिभेच्या सोयीसाठी आलेला नाही. तो सामान्यरूपाचा, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं जे बदललेलं रूप होतं त्याचा, आणि तो येणार की नाही हे शब्दाचं लिंग नि गट ठरवतो. नपुंसकलिंगी पाणी पाण्यात, पुल्लिंगी माळी माळ्याला, स्त्रीलिंगी राणी मात्र राणीला. (हत्ती पुल्लिंगी असून हत्तीलाच. का, ते हत्तीला विचारा.) हा रूपविचार.

शंका उरली असेल तर 'लोणी' घ्या. भाकरीवरचं लोणी असेल तर लोण्यात साखर घालायची. पुण्याजवळचं लोणी काळभोर असेल तर लग्न लोणीत. दोन्ही शब्दांत आवाज तेच, तरी रूपं दोन. नियम आवाजाचा असता तर हे झालंच नसतं.

हे तपासायची एक जुनी युक्ती आहे. १९५८ मध्ये जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेनं मुलांना 'वग' नावाच्या खोट्या प्राण्याचं चित्र दाखवून त्याचं अनेकवचन करायला लावलं होतं. खोटा शब्द आधी ऐकलेला नसतो, त्यामुळे पाठांतर कामाला येत नाही. मी कागदावर एक वाकडं खोकं काढलं, नाव ठेवलं झिबी, आणि खालच्या मुलीला विचारलं, यात चेंडू आहे हे कन्नडात कसं सांगशील? "झिब्याग", ताबडतोब. माझ्या भाच्याला तेच मराठीत विचारलं तर तो म्हणाला, "आधी सांग, तो झिबी का ती झिबी?" तो असेल तर झिब्यात, ती असेल तर झिबीत.

पण म्हणून कन्नड सगळी आवाजाची आणि मराठी सगळी रूपाची, असं समजू नका. कन्नडात मर (झाड) आणि हुडुग (मुलगा) दोन्ही अकारान्त. पण झाडाचं ते मरद आणि मुलाचं ते हुडुगन. तिथं माणूस आहे की वस्तू हे बघावं लागतं. उलट आपल्या 'दुधात' या एका शब्दात दोन्ही गोष्टी नांदतात: धला लागलेला आ सामान्यरूपाचा, आणि दूचा दु झाला तो आवाजामुळे, कारण उच्चारात ('दूध्') तो स्वर शेवटचा होता, तो आता शेवटचा राहिला नाही.

शिवाय पाण्यातला 'या'देखील एके काळी आवाजातूनच आला. प्राकृतातल्या षष्ठीचा 'स्स' झिजून सामान्यरूपाचा आ उरला, तो पाणीच्या ईला भिडला आणि पाण्या झालं. पुढं ते कारण विसरलं गेलं आणि रूप तेवढं राहिलं. जिवंत ध्वनिबदल आणि असे गोठलेले बदल वेगळे मोजायला हवेत, हे बोदुएँ द कुर्तने या पोलिश भाषाशास्त्रज्ञानं १८९५ मध्येच मांडलं होतं.

सीमाभागात हे दोन 'या' एकमेकांत मिसळणं साहजिक आहे. सांगलीजवळच्या कुपवाडबद्दल गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ मध्ये दाखवलं, की तिथल्या मराठी, कन्नड, उर्दूची वाक्यरचना शब्दाच्या जागी शब्द ठेवता येईल इतकी जवळ आली आहे. 'अज्जि निपाण्याग इरताळ.' 'आजी निपाणीत राहते.' मुलीनं शब्द बदलले, सांधा तेवढा कन्नड ठेवला.

एवढं सगळं तिला काही सांगितलं नाही. पाणी, लोणी आणि निपाणी एवढंच सांगितलं. रविवारी आजीकडून परतली आणि पायरीवरूनच ओरडली, "आंटी, मी निपाणीत जाऊन आले! अज्जीनं लोणीत साखर घालून दिली!"