मोयामोयातला रक्तस्राव: दुर्बिणीपर्यंतचा प्रवास

ताकेउची आणि शिमिझू यांनी १९५७ मध्ये जपानमध्ये मोयामोया या मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराची पहिली नोंद केली. मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन्ही अंतर्गत कॅरोटिड धमन्यांची वाढ खुंटली आहे, असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात त्या धमन्या कवटीच्या तळाशी हळूहळू बंद होत जातात. मेंदू मग रक्तासाठी बारीक, वेड्यावाकड्या वाटा शोधतो. अँजिओग्राफीत हे जाळे धुरासारखे दिसते, म्हणून सुझुकी आणि ताकाकू यांनी १९६९ मध्ये त्याला ‘मोयामोया’ म्हटले.

मुलांमध्ये सहसा रक्तपुरवठा कमी पडतो. मोठ्यांमध्ये मात्र या नाजूक वाहिन्या वर्षानुवर्षे जास्तीचा दाब सोसून फुटतात, आणि त्या मेंदूतल्या पोकळ्यांच्या भिंतीलगतच असल्यामुळे रक्त सरळ पोकळीत उतरते. पोकळ्यांना जोडणाऱ्या अरुंद वाटांत, म्हणजे मन्रो छिद्रात किंवा ॲक्विडक्टमध्ये, गुठळी बसली की डोक्यातले पाणी तुंबते आणि रुग्ण काही तासांत बेशुद्ध होऊ शकतो.

पूर्वीपासूनचा उपाय म्हणजे बाहेरून नळी घालून पाणी काढणे. पण तीच नळी गुठळीने बुजते. गुठळी विरघळवण्यासाठी नळीतून अल्टेप्लेज देण्याच्या ‘क्लिअर ३’ चाचणीत मोयामोयाचे रुग्ण घेतलेच नव्हते. फुटलेली वाहिनी पुन्हा वाहण्याची धास्ती इथे फार मोठी.

दुसरी वाट म्हणजे दुर्बिणीतून (एंडोस्कोप) पाहत गुठळी काढणे. ही दुर्बीण आली मूत्रविकाराच्या शास्त्रातून. १९१० मध्ये शिकागोच्या लेस्पिनास यांनी सिस्टोस्कोप, म्हणजे मूत्राशय पाहण्याची दुर्बीण, मेंदूच्या पोकळीत घातला. भौतिकशास्त्रज्ञ हॉपकिन्स यांच्या काचदांड्यांच्या भिंगांनी चित्र उजळले. १९८९ मध्ये ग्राझच्या आउअर यांनी मेंदूतल्या रक्तस्रावाच्या १०० रुग्णांवरची दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची चाचणी मांडली आणि २००० मध्ये निशिहारा यांची पारदर्शक नळी आली. तिच्यामुळे गुठळी आणि मेंदूचा भाग यांतली सीमा डोळ्यांना दिसू लागली.

वाट साधारण अशी: कपाळाचे हाड माथ्याच्या हाडांना जुळते त्या सांध्याच्या (कोरोनल सांधा) १ सेंटिमीटर पुढे, मध्यरेषेपासून अडीच ते ३ सेंटिमीटर बाजूला भोक. कोमट रिंगर लॅक्टेट (क्षारांचे पाणी) सोडत, हलक्या सक्शनने गुठळी मधून पोखरायची. भिंतीला चिकटलेला थर ओढायचा नाही. मोह इथेच होतो, आणि झिरपणाऱ्या रक्ताने क्षणात सगळे लाल होते; तेव्हा हात स्थिर ठेवून फक्त पाणी सोडत राहायचे. भूलतज्ज्ञाने कार्बन डायऑक्साइड घसरू द्यायचा नाही, कारण वाहिन्या आकसल्या की तोच मेंदू रक्ताविना राहतो. रक्तदाबही फार खाली नको.

इतके करूनही मूळ आजार तसाच असतो. जपानच्या ‘जॅम’ चाचणीत (निष्कर्ष २०१४) दोन्ही बाजूंना थेट बायपास (डोक्याच्या त्वचेतली धमनी मेंदूच्या धमनीला जोडणे) केलेल्या ४२ जणांपैकी ५ जणांना, तर बायपास न केलेल्या ३८ पैकी १२ जणांना पुन्हा रक्तस्राव झाला. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक जेमतेमच उतरला, तरी आमच्या मते तो डावलण्याजोगा नाही. या बायपाससाठी लागते कानापुढून वर जाणारी टेम्पोरल धमनी. म्हणून दुर्बिणीसाठी छेद घेण्याआधी डॉप्लरने (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणारे यंत्र) तिच्या फांद्या त्वचेवर आखाव्यात, आणि छेद आखावा तो त्यांना चुकवूनच.