पॅकेट कॅप्चर

नेटवर्कवरून ये-जा करणारी पॅकेट्स (माहितीचे छोटे गठ्ठे) जशीच्या तशी टिपून ठेवणे आणि मग ती उलगडून तपासणे म्हणजे पॅकेट कॅप्चर. सर्व्हरवाले नेटवर्कवाल्यांकडे बोट दाखवतात आणि नेटवर्कवाले सर्व्हरकडे, तेव्हा खरा पुरावा बहुधा इथेच हाती लागतो.

टीसीपीडम्प हे या कामाचे जुने साधन १९८८ च्या सुमारास अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत तयार झाले. तिथल्याच स्टीव्हन मॅककॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी रचलेला बीपीएफ फिल्टर नको असलेली पॅकेट्स कर्नेलमध्येच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच, वगळतो. जेराल्ड कोम्ब्स यांचे इथीरियल हे पॅकेट्स टिपून उलगडणारे साधन १९९८ मध्ये आले. ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे २००६ पासून ते वायरशार्क नावाने ओळखले जाते. विंडोज १० मध्ये २०१८ पासून पीकेटीमॉन हे असेच साधन अंगभूत मिळते.

समजा, एखादे संकेतस्थळ उघडत नाही. कॅप्चरमध्ये आपल्या मशीनवरून सिन पॅकेट (जोडणी सुरू करण्याची विनंती) गेलेले दिसते. उत्तरादाखल लगेच रीसेट (जोडणी नाकारणारे पॅकेट) आले, तर पॅकेट पोहोचले, पण बहुतेक वेळा त्या पोर्टवर (सर्व्हरवरील सेवेच्या क्रमांकावर) कोणताही प्रोग्राम ऐकत नाही. काहीच आले नाही आणि तेच सिन साधारण १, २, ४ सेकंदांच्या अंतराने पुन्हा पुन्हा जात राहिले, तर वाटेतल्या फायरवॉलवर किंवा राउटिंगवर संशय घ्यावा. ब्राउझरमध्ये दोन्ही वेळी पान उघडत नाही एवढेच कळते. कारण मात्र अगदी वेगळे असते.

कॅप्चर कुठे लावायचे, हा निर्णय फिल्टर लिहिण्याहून मोलाचा. स्विचवर (अनेक मशीन एकत्र जोडणाऱ्या उपकरणावर) जोडलेल्या मशीनला मुख्यतः स्वतःचा आणि ब्रॉडकास्ट (सर्वांना उद्देशून पाठवलेला) ट्रॅफिकच दिसतो. इतरांचा पाहायचा तर स्विचवर पोर्ट मिररिंग, म्हणजे दुसऱ्या जोडणीवरच्या ट्रॅफिकची प्रत आपल्याकडे वळवणे, करावे लागते. शक्य असेल तर दोन्ही टोकांना एकाच वेळी कॅप्चर घ्यावे. एका टोकाहून निघालेले पॅकेट दुसरीकडे पोहोचले नाही, तर दोष मधल्या वाटेत आहे. इथरनेटची नेहमीची मर्यादा १५०० बाइट्सची असूनही कधी कधी त्याहून मोठी पॅकेट्स दिसतात. त्यात बिघाड नसतो: पॅकेटचे तुकडे नेटवर्क कार्ड नंतर करते आणि कॅप्चर त्याआधीच झालेले असते.

टीएलएस या कूटबद्ध करण्याच्या पद्धतीमुळे आज बहुतेक मजकूर कूटबद्ध असतो. तरीही आयपी पत्ते, पोर्ट, पॅकेटचा आकार आणि वेळ उघडेच राहतात, आणि साध्या डीएनएस प्रश्नांतून, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता विचारणाऱ्या विनंत्यांतून, कोण कुठे जाते तेही कळते. म्हणून दुसऱ्याच्या नेटवर्कवर कॅप्चर लावण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावीच लागते, आणि कॅप्चरची फाइल बाहेर कुणाला पाठवण्याआधी त्यातले नको ते वगळावे.