अमेरिकेत पहिल्या नोकरीच्या वेळचा आय-९ फॉर्म : बडोद्यातून जाणाऱ्या पोरांनी कोणते कागद जवळ ठेवायचे

बडोद्यात आपल्या मराठी घरांतून दरवर्षी कितीतरी पोरं एमएस करायला अमेरिकेला जातात, दांडिया बाजार म्हणा, रावपुरा म्हणा, ओळखीत एखादं तरी घर असतंच. आय-२० (कॉलेजकडून मिळणारा प्रवेशाचा कागद), व्हिसा इंटरव्ह्यू, एज्युकेशन लोन हे सगळं आईवडिलांनाही तोंडपाठ झालेलं असतं, पण तिकडे नोकरी लागल्यावर एचआरवाले पहिल्याच दिवशी जो फॉर्म पुढे करतात त्याबद्दल इथे कोणी बोलतच नाही, आणि मग रात्री दोन वाजता घरी फोन येतो की बाबा माझा अमुक कागद कपाटात आहे का बघा. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

हा फॉर्म आय-९, म्हणजे नोकरीवर घेतलेल्या माणसाची ओळख आणि काम करायची परवानगी तपासल्याची नोंद. १९८६ च्या कायद्यापासून तो आला आणि ६ नोव्हेंबर १९८६ नंतर नोकरीवर घेतलेल्या प्रत्येक माणसाचा तो भरावा लागतो, अगदी अमेरिकन नागरिक असला तरी. मोठी कंपनी असो की नात्यातल्या काकांचं मोटेल, पगार देऊन माणूस ठेवला की आय-९ आलाच. ‘घरचंच आहे, कॅशमध्ये देऊ’ असलं ऐकून एफ-१ वाल्या, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या, पोरांनी तिथे कामाला उभं राहू नये, परवानगी नसताना काम केलं की स्टेटस जातं आणि ते काका काही वाचवू शकत नाहीत. फॉर्मला फी नाही, कोणी पैसे मागितले तर समजून जा की काहीतरी गडबड आहे. भरलेला फॉर्म सरकारकडे पाठवायचा नसतो, तो मालकाकडेच राहतो आणि तपासणी आली की त्याने दाखवायचा.

फॉर्मचा पहिला भाग आपण भरायचा, ऑफर स्वीकारल्यानंतर कधीही, पण कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत झालाच पाहिजे. दुसरा भाग मालकाचा, ओरिजिनल कागद बघून, तीन कामकाजी दिवसांत, म्हणजे सोमवारी जॉइन झालात तर गुरुवारपर्यंत.

पहिल्या भागात दोन जागी फार लक्ष द्या. एक म्हणजे स्टेटसच्या चार चौकटी. आपल्या ओपीटी (शिकलेल्या विषयात काम करायची एफ-१ वाल्यांची तात्पुरती परवानगी) किंवा एच-१बी (कंपनीमार्फत मिळणारा नोकरीचा व्हिसा) वाल्यांची चौथी, काम करायची परवानगी असलेला परदेशी, आणि तिथे परवानगी कधी संपते ती तारीख लिहायची. घाईघाईत पहिल्या चौकटीवर, म्हणजे अमेरिकन नागरिक यावर टिक करू नका प्लीज, खोटा नागरिकत्वाचा दावा हा तिकडे फार गंभीर मामला आहे, पुढे ग्रीन कार्डच्या वेळी तो आडवा येतो. दुसरी जागा जन्मतारखेची. तिकडे महिना आधी लिहितात. ८ मेचा जन्म असेल आणि सवयीने ०८/०५ लिहिलं तर कागदावर ५ ऑगस्ट होतो.

नावाचंही तसंच. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि पासपोर्टवर बऱ्याचदा नावाच्या रकान्यातच वडिलांचं नाव जोडलेलं असतं. फॉर्मवर आडनाव, नाव आणि मधल्या नावाचं आद्याक्षर वेगवेगळं मागतात, तेव्हा जे कागद दाखवणार आहात त्यांच्याशी जुळेल असंच लिहा, आणि सोशल सिक्युरिटी कार्ड (तिकडच्या सरकारी नंबराचं कार्ड) काढतानाच नाव पासपोर्टशी ताडून घ्या.

आता कागद. तीन याद्या असतात. ए यादीतला एक कागद पुरतो, कारण त्यात ओळखही आली आणि कामाची परवानगीही : अमेरिकन पासपोर्ट, ग्रीन कार्ड, ईएडी कार्ड (कामाच्या परवानगीचं कार्ड, ओपीटीवाल्यांनाही हेच मिळतं), किंवा एच-१बी वाल्यांसाठी भारतीय पासपोर्ट आणि आय-९४ (देशात शिरल्याची आणि राहायच्या मुदतीची नोंद) मिळून. सीपीटीवर, म्हणजे शिकत असतानाच अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करत असाल तर त्यासोबत त्या कामाची नोंद असलेला आय-२० पण लागतो. ए मधलं काही नसेल तर बी मधला एक, जसं ड्रायव्हिंग लायसन्स, आणि सी मधला एक. इथेच पोरं फसतात, कारण त्यांच्या सोशल सिक्युरिटी कार्डावर सरकारी परवानगी असेल तरच कामासाठी चालेल अशी ओळ छापलेली असते आणि तसलं कार्ड सी यादीत धरत नाहीत. आपल्या महानगरपालिकेचा जन्मदाखलाही तिथे चालत नाही, आधार आणि पॅनचा तर प्रश्नच नाही. नोटरी केलेल्या झेरॉक्सचा गठ्ठा इथून नेऊन या फॉर्मसाठी काही उपयोग नाही.

यादीतला कोणता कागद दाखवायचा हे मात्र तुम्ही ठरवायचं, मालकाने नाही. वैध ईएडी दाखवल्यावरही ‘ग्रीन कार्डच आणा’ असं म्हणणं हा भेदभाव धरला जातो आणि न्याय खात्यात त्याची तक्रार करता येते. पोरं नवीन असतात, घाबरून गप्प बसतात, म्हणून हे आईवडिलांनीही माहीत करून घ्यावं.

ओपीटीचा अर्ज केल्याची पावती दाखवून काम सुरू होत नाही. ईएडी कार्ड हातात पाहिजे आणि त्यावरची सुरुवातीची तारीख आलेली पाहिजे. पावतीवर ९० दिवस चालतं ते फक्त हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा खराब झालेल्या कागदाच्या बदली अर्जाची असेल तर.

काही कंपन्या ई-व्हेरिफायमध्ये असतात, म्हणजे फॉर्मवरची माहिती सरकारी रेकॉर्डशी ऑनलाइन ताडून बघतात. स्टेम ओपीटीचे (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणिताच्या पदवीवर मिळणारे वाढीव) २४ महिने हवे असतील तर कंपनी त्यात असलीच पाहिजे, हे ऑफर घेण्याआधीच विचारा. माहिती जुळली नाही असं आलं तर घाबरू नका, आपण दाद मागतो म्हणून कळवलं की केस पुढे जाते आणि संबंधित खात्याशी संपर्क करायला ८ सरकारी कामकाजी दिवस मिळतात, तोवर त्या कारणाने काढता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून या कंपन्यांना कागदांच्या कॉपी आधी मागवून व्हिडिओ कॉलवर तपासायचीही मुभा आहे, बाकीच्यांना समोरासमोरच बघावे लागतात.

एच-१बी वाले सुट्टीत बडोद्याला आले की पासपोर्टची मुदत जरूर बघा, ती लवकर संपत असेल तर परत शिरताना आय-९४ वर पासपोर्ट संपण्याचीच तारीख पडू शकते आणि मालक आय-९ मध्ये तीच धरणार. वेळ हातात असेल तर पासपोर्ट इथूनच रिन्यू करून जा, आणि तिकडे पोचल्यावर नवीन आय-९४ साइटवरून लगेच काढून तारीख तपासा.