स्थानिक खरेदी मोहीम

स्थानिक खरेदी मोहीम म्हणजे एखाद्या गावातल्या किंवा शहरातल्या लोकांनी आपली खरेदी, निदान तिचा काही भाग तरी, तिथल्याच माणसांच्या मालकीच्या दुकानांतून आणि व्यवसायांतून करावी म्हणून केलेला सामूहिक प्रयत्न. यात महत्त्वाची आहे ती मालकी, अंतर नाही. घराच्या कोपऱ्यावर मोठ्या चेनचं दुकान असलं तर ते जवळचं असतं पण या अर्थाने स्थानिक नसतं, कारण नफा कुठे जायचा, माल कुणाकडून घ्यायचा, दुकान चालू ठेवायचं की शटर ओढायचं हे सगळं दुसऱ्याच शहरातल्या हेडऑफिसात ठरतं. स्वदेशीशीही याची बऱ्याचदा गल्लत होते. १९०५ च्या बंगालच्या फाळणीनंतर जोर धरलेली स्वदेशी चळवळ माल कुठल्या देशात बनला हे विचारायची, इथे दुकान कुणाचं हे विचारलं जातं, त्यामुळे स्थानिक मालकाच्या दुकानात परदेशी माल असू शकतो आणि चेनच्या दुकानात सगळाच्या सगळा देशी.

मुळात हा हिशोब आहे गल्ल्यात पडलेला पैसा पुढे कुठे जातो याचा. स्थानिक दुकानदाराचे टॅक्सचे कागद जवळचा अकाउंटंट बघतो, पाटी गावातला पेंटर रंगवतो, बिलबुकं पलीकडच्या प्रेसमध्ये छापून येतात, रॅक मोडला तर ओळखीचा सुतार येतो, आणि यातला प्रत्येक जण त्या पैशातला थोडा थोडा परत गावातच खर्च करतो. चेनमध्ये अकाउंट्स, जाहिरात, वकील, सॉफ्टवेअर, दुकानाची सजावट ही सगळी कामं एका जागी बसून सगळ्या शाखांसाठी होतात, मग गावात उरतो तो मुख्यतः कामगारांचा पगार आणि जागेचं भाडं, तेही जागामालक बाहेरचा नसेल तर. पैसा असा गावातच फिरून किती पट होतो, त्याला अर्थशास्त्रात स्थानिक गुणक म्हणतात. लंडनच्या न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशनने हा गुणक मोजायची एक सोपी पद्धत काढली, एलएम ३ नावाची, तिच्यात पैशाच्या पहिल्या ३ फेऱ्याच मोजतात कारण त्यापुढे माग काढणं साध्या माणसांना जमत नाही.

सगळ्यात जास्त सांगितला जाणारा आकडा अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातला. तिथे एका चौकात बॉर्डर्स या पुस्तकांच्या चेनचं मोठं दुकान येणार होतं आणि त्याच चौकात बुकपीपल हे पुस्तकांचं आणि वॉटरलू रेकॉर्ड्स हे संगीताचं, अशी दोन स्थानिक दुकानं आधीपासून होती. सिव्हिक इकॉनॉमिक्स या संस्थेने २००२ मध्ये अभ्यास करून मांडलं की ग्राहकाच्या १०० डॉलरमागे स्थानिक दुकानांमुळे शहरात सुमारे ४५ डॉलर फिरतात आणि चेनमुळे सुमारे १३. पुढे बॉर्डर्सने तिथून माघार घेतली. पण हा एका चौकातल्या ३ दुकानांचा हिशोब आहे, तो पेट्रोलपंपाला किंवा मोबाइलच्या दुकानाला जसाच्या तसा लावता येत नाही, तिथे विक्रीतला मोठा हिस्सा माल भरण्यातच बाहेर जातो. मोहिमा हा आकडा कुठल्याही धंद्याला चिकटवतात तेव्हा त्या स्वतःचंच नुकसान करतात, कारण लोकांना हिशोब कळतो.

मोहिमेची साधनं सगळीकडे साधारण सारखी असतात, दुकानांचा नकाशा, काचेवर लावायचं स्टिकर, दुकानादुकानात शिक्का मारून घ्यायचं कार्ड. यात सगळ्यात कामाचं म्हणजे गावातल्या सगळ्या दुकानांत चालणारं गिफ्ट व्हाउचर, कारण तो पैसा भावनेवर अवलंबून राहत नाही, खर्च होणार तो गावातच. वर्षातला एक दिवस ठरवायचीही पद्धत आहे. अमेरिकेत २०१० मध्ये अमेरिकन एक्सप्रेस या कार्ड कंपनीने थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी स्मॉल बिझनेस सॅटर्डे सुरू केला, ब्रिटनमध्ये तो २०१३ पासून डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी असतो. अशा दिवशी गर्दी होते हे खरं, पण दुकान चालतं ते उरलेल्या दिवसांवर.

स्थानिक चलन हा यातला सगळ्यात धाडसी प्रयोग. ऑस्ट्रियातल्या व्होर्गल गावाने १९३२ च्या मंदीत स्वतःच्या नोटा काढल्या, त्यांची किंमत दर महिन्याला १ टक्क्याने घटायची म्हणून कुणी त्या दाबून ठेवत नव्हतं, त्यातून रस्ते आणि इतर कामं झाली, आणि १९३३ मध्ये देशाच्या मध्यवर्ती बँकेने ते बंद पाडलं. जर्मनीत बव्हेरियामध्ये २००३ साली एका शाळेच्या प्रकल्पातून कीमगाउअर नावाचं चलन सुरू झालं, त्यात दुकानदाराने हे चलन युरोत बदलून घेतलं की ५ टक्के कापले जातात आणि त्यातले ३ टक्के स्थानिक संस्थांना मिळतात, म्हणजे बदलून घेण्यापेक्षा गावातच पुढे फिरवणं परवडतं. इंग्लंडमधला ब्रिस्टल पाउंड २०१२ मध्ये निघाला, तिथल्या महापौरांनी आपला पगार त्यात घेतला, स्थानिक करही त्यात भरता यायचा, तरी नंतर तो थांबलाच. लोक खिशात दोन प्रकारचे पैसे ठेवायला फार दिवस तयार होत नाहीत.

खरा फरक पडतो तो एकट्यादुकट्या ग्राहकाने नाही तर मोठ्या खरेदीदाराने ठरवलं की. इंग्लंडमधल्या प्रेस्टन शहरात सुमारे ७० कोटी पाउंडचा शॉपिंग सेंटरचा प्रकल्प २०११ मध्ये कोसळला, त्यानंतर नगरपालिकेने बाहेरच्या गुंतवणूकदाराची वाट बघण्याऐवजी शहरातल्या मोठ्या संस्थांना, म्हणजे पोलीस, कॉलेजं, घरबांधणी संस्था यांना, आपली खरेदी जवळून करायला तयार केलं. मोठी टेंडरं तोडून लहान केली म्हणजे छोट्या ठेकेदारालाही भरता येतील. २०१२-१३ मध्ये या संस्थांच्या खरेदीतला ५ टक्के पैसा शहरात राहायचा, तो २०१६-१७ पर्यंत १८.२ टक्क्यांवर गेला, रकमेत बघितलं तर सुमारे ३.८ कोटी पाउंडवरून सुमारे ११ कोटी. एवढा पैसा पोस्टर लावून वळत नाही. म्हणून कुठल्याही गावात मोहीम सुरू करायची तर आधी शाळेच्या आणि हॉस्पिटलच्या स्टोअरचं रजिस्टर बघावं, दुकानांचे स्टिकर नंतर.

आक्षेपही आहेत आणि ते हलके नाहीत. प्रत्येक गावाने हेच केलं तर एका गावाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा, मग एकूण हाती काय आलं, असं अर्थतज्ज्ञ विचारतात. कमी पगारावर घर चालवणाऱ्या माणसाला महाग दुकानात जा म्हणणं हा अन्याय आहे, त्याच्यावर अपराधीपणाचं ओझं टाकणारी मोहीम मुळातच चुकलेली. शिवाय मालक गावातला आहे म्हणून तो कामगाराला नीट पगार देतोच असं नाही. काही ठिकाणी मोठ्या कंपन्याच आपल्या दुकानांवर ‘स्थानिक’ अशी पाटी लावतात, म्हणून काही संघटनांनी सभासद व्हायला अटच ठेवलीय की निम्म्याहून जास्त मालकी तिथेच राहणाऱ्यांची हवी.

दुकानदाराचीही बाजू यात तितकीच आहे. ग्राहक दुकानात येऊन वस्तू हातात घेऊन बघतो, प्रश्न विचारतो आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवतो, याचा राग येणं साहजिक आहे, पण संध्याकाळी कामावरून सुटलेल्या माणसाला दुकान बंद मिळत असेल, फोन उचलला जात नसेल, माल आहे की नाही हे जाऊनच कळत असेल तर आवाहन कितीही मनापासून केलं तरी तो दुसऱ्यांदा येत नाही. ज्या मोहिमा टिकतात त्यांत दुकानदार एकत्र येऊन उशिरापर्यंतची वेळ ठरवतात, स्टॉकची एकच यादी ऑनलाइन ठेवतात, सगळ्यांची डिलिव्हरी एकाच माणसाकडे देतात, आणि आपल्याकडे नसलेली वस्तू शेजारच्या दुकानात मिळेल हे सांगायला लाजत नाहीत.